आधी मेकॅनिक, मग मशीन: बागेसाठी चेनसॉ घेताना

कोकणात मे महिना सरू लागला की शेती अवजारांच्या दुकानांत चेनसॉची विचारपूस सुरू होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून गेले. कौलांवर पडलेला माड आणि पाणंदीत आडवा झालेला आंबा कापायला माणूस मिळेना, तेव्हा घरचा कटर असता तर बरे झाले असते, असे अनेकांना वाटले. देशावर निमित्त वेगळे, गरज तीच. बांधावरच्या बाभळी, सुबाभूळ, निलगिरी कुऱ्हाडीने तोडायला आता मजूर सहजी तयार होत नाहीत.

दुकानात मात्र पहिल्याच मिनिटाला गोंधळ उडतो. एका बाजूला ५८ सीसीचा, २२ इंची पट्टीचा (बारचा) कटर सहा-सात हजारांत मिळतो. शेजारी ४५ सीसीचा, १६ इंची, नावाजलेल्या कंपनीचा चेनसॉ, आणि त्याची किंमत कितीतरी पट. मोठा स्वस्त आणि लहान महाग कसा, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दुकानदाराला समजावून सांगायला वेळ नसतो. मग सीसी आणि इंच पाहून सौदा होतो आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर मशीन माळ्यावर जाऊन बसते.

चेनसॉचा भरवसा डब्यावर छापलेला नसतो. मशीन बिघडणार हे धरूनच चालायचे. बिघडल्यावर ते किती दिवसांत, किती अंतरावर आणि कोणाच्या हातून पुन्हा सुरू होणार, यावर ते किती वर्षे टिकेल ते ठरते. म्हणून निवड उलट्या टोकाने सुरू करावी: आधी मेकॅनिक आणि सुटे भाग, मग काम, आणि शेवटी मशीन.

मेकॅनिक कुठे आहे?

तुम्ही लांज्याला राहत असाल आणि दुरुस्ती कोल्हापूरला होत असेल, तर ऐन गरजेच्या वेळी ते मशीन असून नसल्यासारखेच. एका फेरीत जाऊन येता येईल अशा अंतरावर कोण दुरुस्ती करतो, ते आधी शोधा. दुकानात शिरल्यावर काउंटरच्या मागे नजर टाका. बाकावर दोन-चार मशीन उघडून ठेवलेली, शेजारी कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात बुडवलेला, भिंतीला चेनची वेटोळी टांगलेली दिसली, तर तिथे काम चालते असे समजा. नुसते चकचकीत खोके रचलेले असतील तर तिथे फक्त विक्री होते.

मग दुकानदाराला विचारा, या मॉडेलचे हे भाग आत्ता दाखवू शकाल का? स्टार्टरची दोरी व स्प्रिंग, एअर फिल्टर, पेट्रोल टाकीतला फिल्टर, प्लग, कार्बोरेटरच्या पडद्यांचा किट, क्लच ड्रम व स्प्रोकेट, ऑइल पंप, बार आणि चेन. ‘मागवून देतो’ हे उत्तर ऑइल पंपाच्या बाबतीत चालेल. चेन आणि स्टार्टरच्या बाबतीत नाही. हे भाग झिजणारे आहेत, ते कपाटातच असायला हवेत.

इथे स्वस्त कटरची एक बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ५२ आणि ५८ सीसीच्या नावाने विकले जाणारे बहुतेक कटर एकाच धाटणीचे असतात, त्यांचे भाग एकमेकांना बऱ्याच अंशी बसतात, स्वस्त असतात आणि पुष्कळ ठिकाणी मिळतात. गावातच हात चालवणारा मेकॅनिक असेल आणि काम वर्षाकाठी मोजक्या दिवसांचे असेल, तर असा कटर घेणे मूर्खपणाचे नाही. अडचण दर्जाच्या सातत्याची असते. एकाच नावाची दोन मशीन सारखी निघतील याची खात्री नसते, आणि सुट्या भागांचेही तेच.

दुसरा धोका बनावट मालाचा. श्टील, हुस्कवर्ना अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या रंगरूपाची नकली मशीन बाजारात येतात. किंमत अर्ध्याहून कमी असेल, विकणारा दारावर आला असेल किंवा पक्के बिल देत नसेल, तर सौदा तिथेच सोडा. अधिकृत विक्रेत्याकडे घेतल्यास मशीनच्या बॉडीवरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या. वॉरंटीचा वाद झालाच तर तोच उपयोगी पडतो.

घ्यायलाच हवा का?

काम वर्षातून दोन-तीन दिवसांचेच असेल, तर गावातल्या कटरवाल्याला बोलवा. त्याचे मशीन रोज चालते, हात बसलेला असतो, चेनला धार असते. न वापरता पडून राहिलेला चेनसॉ वापरातल्यापेक्षा लवकर बिघडतो, कारण टाकीत राहिलेले पेट्रोल कार्बोरेटरची नासाडी करते. स्वतःचा घ्यायचा तो वरचेवर छाटणी, जळण, पडझड असे काम निघत असेल तर.

काम किती मोठे आहे, हे टेपने मोजून ठरवा. झाडाचा घेर मोजा आणि ढोबळमानाने तिनाने भागा, जाडी मिळते. चार फूट म्हणजे ४८ इंच घेराचे खोड साधारण १६ इंच जाड असते. बार खोडाच्या जाडीपेक्षा दोनेक इंच लांब असला की कापणे सोपे जाते. मात्र वर्षातून एखादेच जाड खोड निघणार असेल, तर त्यासाठी लांब बार घेऊ नका. सराईत माणूस दोन्ही बाजूंनी कापून बारच्या लांबीहून जाड आडवा ओंडकाही कापू शकतो. आठवड्याला जे काम पडते त्याच्या मापाने मशीन घ्यावे, वादळात पडणाऱ्या एका झाडाच्या मापाने नाही.

या हिशेबाने गिऱ्हाइकांचे तीन गट पडतात.

पहिला गट घरगुती जळण आणि फांद्या छाटण्याचा. त्यांना ३० ते ३५ सीसी आणि १२ ते १४ इंची बार पुरतो.

दुसरा गट बागायतदारांचा. जुन्या आंबा-काजूच्या जाड फांद्या, अधूनमधून पडलेले झाड, थोडेफार इमारती लाकूड. त्यांच्यासाठी ४० ते ५० सीसी आणि १६ ते १८ इंची बार योग्य. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याप्रमाणे जुन्या आंबा बागांचे पुनरुज्जीवन करायचे असेल, तर हेच मशीन कामाला येते.

तिसरा गट रोजच्या धंद्याचा. ठेकेदार, वखारीला माल पुरवणारे. त्यांना ६० ते ७० सीसी, २० इंच किंवा जास्त लांबीचा बार लागतो, आणि फांद्या साफ करायला जोडीला एक हलके मशीनही. दिवसभर जड मशीन फांद्यांवर चालवणारा माणूस दुपारनंतर थकतो, आणि अपघात थकल्यावरच होतात.

सीसीचा आकडा कसा वाचायचा?

सीसी म्हणजे सिलिंडरमधली जागा; ताकद नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये सांगितली जाते. १ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ हॉर्सपॉवर. मोजपट्टी म्हणून दोन सर्वपरिचित मशीन घेऊ. श्टीलचे एमएस १८० हे ३१.८ सीसीचे मशीन सुमारे दीड किलोवॅट ताकद देते, आणि ४५.४ सीसीचे एमएस २५० हे २.३ किलोवॅट देते. समोरच्या मशीनवर ५८ सीसी लिहिले असेल आणि ताकद २.२ किलोवॅट असेल, तर ते ४५ सीसीच्या चांगल्या मशीनएवढेच काम करणार, आणि पेट्रोल व वजन मात्र जास्त. ताकदीचा आकडा कुठेच लिहिलेला नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

सीसीचा आकडाही तपासता येतो. माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दिलेला असेल तर दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले स्ट्रोक. समजा व्यास ४.५ आणि स्ट्रोक ३.२ सेंटिमीटर आहे. उत्तर येते ५१ च्या आत. खोक्यावर ५८ छापलेले असेल तर फरक तुमच्या समोर आहे.

वजनही असेच वाचायचे. माहितीपत्रकातले वजन बहुधा बार, चेन, पेट्रोल आणि तेल सोडून असते. साडेचार किलो लिहिलेले मशीन बागेत सहा किलोंच्या आसपास भरते. म्हणून दुकानात बार लावलेले, टाकी भरलेले मशीन दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर पाच मिनिटे धरून पाहा. तोल पुढच्या हँडलच्या आसपास राहायला हवा.

लहान इंजिनवर लांब बार ही नाकापेक्षा मोती जड अशी गत. चेन लाकडात अडकते, क्लच घसरून तापतो, तेल बारच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही. कंपनीने त्या मॉडेलला सुचवलेल्या लांबींपैकी मधली लांबी घ्यावी.

पेट्रोल, वीज की बॅटरी?

बागेत वीज नाही, काम जाड लाकडाचे आहे, तर पेट्रोलला पर्याय नाही. अंगणात, वखारीत, सुताराच्या कारखान्यात वायरचा विजेचा चेनसॉ स्वस्त पडतो आणि बिनतक्रार चालतो. त्यात पेट्रोल-तेलाची भानगड नाही, कार्बोरेटर नाही. २००० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते, त्यामुळे लांब आणि बारीक वायर लावली की व्होल्टेज पडते आणि मोटार जळते. ३० मीटरपर्यंत न्यायचे असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, लाइनवर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच, आणि पाऊस असताना मशीन बाहेर काढू नका.

बॅटरीचे चेनसॉ छाटणीसाठी उत्तम झाले आहेत. आवाज कमी, दोरी ओढणे नाही, महिनाभर पडून राहिले तरी बटण दाबताच सुरू. पण मशीनच्या किमतीत बॅटरी आणि चार्जर धरला आहे का ते विचारा, कारण खरी किंमत बॅटरीची असते. दिवसभराच्या कामाला दोन बॅटऱ्या लागतात. एका हातात मावणारे चार-सहा इंची छोटे कटर मनगटाएवढ्या फांद्यांपुरतेच समजावेत.

कापते ती चेन

इंजिन चेन फिरवते; कापते ती चेन. आज सर्वत्र दिसणारी, डाव्या-उजव्या दातांची चेन अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६-४७ च्या सुमारास बनवली. लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी जबड्याने डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे सरकते, हे पाहून त्यांना ही रचना सुचली. आजही चांगल्या चेनचे काम तसेच चालते: एक दात डावी कड कापतो, पुढचा उजवी.

चेन बदलताना तीन आकडे लागतात. पिच म्हणजे कड्यांमधले अंतर: ३/८ इंच लो प्रोफाइल, .३२५ इंच, ३/८ इंच. गेज म्हणजे बारच्या खाचेत जाणाऱ्या कडीची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. तिसरा आकडा त्या कड्यांची संख्या. हे आकडे बहुधा बारच्या मुळाशी कोरलेले असतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्रोकेटचे पिच आणि चेनचे पिच जुळले नाही, तर नवी चेन दोन दिवसांत खराब होते. ‘सगळ्याला बसते’ असे सांगून दिलेली चेन घेऊ नका.

दाताच्या आकारातही फरक असतो. कोपरा टोकदार असलेली चेन स्वच्छ लाकडात झपाट्याने कापते, पण माती लागताच बोथट होते. कोपरा गोलसर असलेली चेन जरा हळू कापते, पण धुळीत, चिखलात टिकते. जांभ्याच्या मातीत लोळलेला आंबा, धुळीने माखलेली बांधावरची बाभूळ, रेतीत पडलेला माड कापायचा असेल तर गोलसर कोपऱ्याचीच मागावी. माडाचे खोड बाहेरून टणक आणि तंतुमय असते, त्यात चेन फार लवकर बोथट होते; माड कापायला निघताना धार लावलेली एक जास्तीची चेन बरोबर हवी.

धार गेली हे कसे ओळखायचे? जमिनीवर पडणारा भुसा हातात घ्या. नखाएवढ्या, कडक, चौकोनी चिपा पडत असतील तर चेन कापते आहे. पिठासारखा चुरा पडत असेल, मशीन दाबावे लागत असेल, कापलेली रेघ एका बाजूला वळत असेल, तर थांबा. बोथट चेनवर दाब दिला की बार तापतो, क्लच जळतो आणि दोष मशीनच्या माथी मारला जातो.

म्हणून मशीन घेतानाच योग्य मापाची गोल कानस घ्या. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटर, .३२५ ला ४.८ मिलिमीटर, मोठ्या ३/८ ला बहुधा ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर. कानस नेहमी एकाच दिशेने, आतून बाहेर ढकलायची, बहुतेक चेनला ३० अंशांच्या कोनात, आणि प्रत्येक दाताला सारखेच घाव. दातापुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. त्यासाठी पत्र्याचे मापक मिळते. दुकानदाराने एका दातावर हे करून दाखवले पाहिजे. त्याला जमत नसेल, तर दुरुस्तीबद्दलचे त्याचे बोलणेही तितकेच खरे समजा.

सुरक्षेचे भाग दुकानातच तपासा

चेनसॉचा सर्वांत घातक अपघात म्हणजे किकबॅक, मशीनची उसळी. बारच्या टोकाचा वरचा कोपरा फांदीला किंवा ओंडक्याला लागला की मशीन क्षणात चालवणाऱ्याच्या दिशेने उलटते. डोळा मिटायच्या आत चेन खांद्यापर्यंत येते. यापासून वाचवणारे भाग मशीनवर आहेत की नाहीत आणि चालतात की नाहीत, हे पैसे मोजण्याआधी पाहायचे.

पुढच्या हँडलपुढची ढाल पुढे ढकलल्यावर चेनला ब्रेक लागला पाहिजे. मशीन चालू असताना ढाल ढकलली की चेन लगेच थांबते का, ते बघा. ब्रेक लागलेला असताना चेन हाताने ओढली तरी हलता कामा नये. मागच्या हँडलवरचे कुलूप दाबल्याशिवाय रेस वाढता कामा नये. रेस सोडल्यावर मंद गतीत चेन स्थिर राहिली पाहिजे. फिरत असेल तर कार्बोरेटर सेट करून घ्या किंवा दुसरे मशीन मागा. तुटलेली चेन अडवणारा आकडा बारच्या बुडाशी खालच्या बाजूला असतो, तो नसेल तर मशीन घेऊ नका. हँडल आणि इंजिनमध्ये कंप शोषणाऱ्या स्प्रिंग किंवा रबर असावेत. पहिल्यांदाच घेत असाल तर कमी किकबॅकची चेन मागा.

हँडल वरती असलेली छोटी मशीन झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी असतात. हलकी म्हणून ती घरी वापरायला नेऊ नका. एका हाताने चालवण्याचा मोह होतो आणि तिथेच घात होतो.

मशीनच्या किमतीत जाळीचे किंवा पारदर्शक कवच असलेले हेल्मेट, कानाचे मफ, हातमोजे, टणक पुढा असलेले बूट आणि चेनरोधक पँट धरूनच हिशेब करा. पेट्रोलच्या चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो. चेनरोधक पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन स्प्रोकेट अडकते आणि चेन थांबते. लुंगी, खांद्यावरचा पंचा, पायात चपला घालून चेनसॉ चालवणे ही आपल्याकडची रोजची दृश्ये आहेत. घरच्या माणसाला तरी तसे करू देऊ नका.

पेट्रोल आणि दोन तेले

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी तेल हेच त्याचे वंगण. कोणी नुसते पेट्रोल भरले तर काही मिनिटांत पिस्टनवर ओरखडे पडतात आणि मशीन जाम होते. कंपनीने १:५० सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, १:२५ सांगितले असेल तर ४० मिलिलिटर. स्कूटरच्या काळासारखे अंदाजाने ओतू नका. मोजपात्र घ्या, वेगळ्या कॅनमध्ये हलवून मिसळा आणि कॅनवर ‘चेनसॉ’ असे ठळक लिहा, म्हणजे घरातला दुसरा माणूस फसणार नाही.

आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि कोकणच्या पावसाळ्यात तो भरपूर असतो. मिश्रण जुने झाले की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो, कार्बोरेटरचे रबरी पडदे कडक होतात. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के असते. म्हणून घेताना लेखी विचारा: हे मॉडेल २० टक्क्यांच्या पेट्रोलवर चालेल का, आणि वॉरंटी टिकेल का? इथेनॉल नसलेले पेट्रोल जवळ मिळत असेल तर चेनसॉपुरते तेच घ्या. मिश्रण दोन-तीन आठवड्यांपुरतेच करा. मशीन महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. चेन काढून तेलात बुडवून ठेवली तर गंजत नाही.

दुसरे तेल चेनचे. ते चिकट असते, कारण वेगाने फिरणाऱ्या चेनवर ते टिकायला हवे. गॅरेजमधले जळके काळे तेल वापरण्याची पद्धत सर्रास आहे. त्यातला धातूचा चुरा बार आणि ऑइल पंप खातो, आणि ते अंगावर, मातीवर उडते. तेल पोचते आहे का, हे पाहायला मशीन रेस करून बारचे टोक फिक्या कागदाजवळ, न टेकवता धरा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोल भरताना दर वेळी तेलही भरायचे.

दुकानात चालवून बघा

थंड मशीन किती ओढींत सुरू होते ते पाहा. पाच मिनिटे चालवा, बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला त्रास देणारे मशीन बागेत फार छळते. दुकानामागे एखादा ओंडका असेल तर कापून बघा. एअर फिल्टर हत्यारांशिवाय उघडतो का, चेन ताणायचा स्क्रू बाजूने सहज लागतो का, हेही तपासा. ताण बरोबर असेल तर चेन बारच्या खालच्या बाजूला चिकटून राहते आणि तरीही हाताने सरकते. नवी चेन पहिल्या काही टाक्यांत सैल पडते. ती पुन्हा पुन्हा ताणावी लागते, तो दोष नव्हे.

जुने मशीन घेत असाल तर आणखी दोन गोष्टी. स्विच बंद ठेवून स्टार्टरच्या दोरीला धरून मशीन लोंबू द्या. चांगल्या कॉम्प्रेशनचे मशीन हळूहळू, अडत अडत खाली येते. झिजलेले सर्रकन उतरते. मग सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च धरून भाव करा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

परवानगी आणि जखमेवर लेप

मशीन आपले, जमीन आपली, म्हणून झाड तोडता येते असे नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ नुसार आंबा, फणस, साग, खैर, चिंच, जांभूळ, मोह, ऐन, किंजळ, हिरडा अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतूनही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो; गोव्यात १९८४ चा वृक्ष जतन कायदा आहे. ठेकेदाराकडून तोडून घेत असाल तर परवानगीचा कागद कोण काढणार, ते आधी ठरवा. लाकूड वाहून न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याचीही चौकशी वनखात्याकडे करा.

छाटणी असेल तर कापलेल्या जागेवर बोर्डोपेस्ट लावायला विसरू नका. चेनसॉने जाड फांदी कापताना आधी खालून एक उथळ काप द्यावा आणि मग वरून कापावे, म्हणजे साल उभी फाटत नाही.

दुकानात नेण्याची यादी

एका कागदावर हे लिहून न्या: माझ्या झाडांची सरासरी आणि जास्तीत जास्त जाडी; वर्षातले कामाचे दिवस; किलोवॅटमधली ताकद आणि भरलेले वजन; पिच, गेज, कड्या; पेट्रोलमधल्या इथेनॉलची मर्यादा; कपाटात असलेले सुटे भाग; दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत; चेन ब्रेकची चाचणी; दोन चेन, कानस, मापक, तेल आणि सुरक्षा साहित्य धरून एकूण बिल.

शेवटच्या आकड्यावर दोन दुकानांची तुलना करा, नुसत्या मशीनच्या किमतीवर नाही. हे साहित्य घेऊन बजेट संपत असेल तर एक पायरी लहान मशीन घ्या. ३२ सीसीचे धारदार चेनचे मशीन १० इंची फांदी निमूटपणे कापते. बोथट चेनचे ५८ सीसीचे मशीन त्याच फांदीवर धूर काढत बसते. दोन दुकानांचे बिल सारखेच आले, तर ज्याच्या बाकावर मशीन उघडलेली दिसतात त्याच्याकडून घ्या.